बेळगाव भागात फुकटचा टीव्ही कसा लावायचा: अँटिना विसरा, छत्री आग्नेयेला फिरवा

आधी अँटिनाचं मिटवूया, कारण निम्मे लोक तिथंच पैसे घालवतात. ऑनलाईन ते चपटं काळं प्लास्टिकचं पान मिळतंय नव्हं, "डिजिटल एचडी अँटिना, दोनशे चॅनल फुकट" म्हणून, ते बेळगावात, निपाणीत, खानापुरात, चिक्कोडीत कुठंच चालत नाही. वस्तू खोटी नसते, पण ती ज्या टॉवरसाठी केलीय तो टॉवरच आपल्याकडं नाही. दूरदर्शननं २०१६ मध्ये मुंबई, बेंगळुरू धरून १६ शहरांत डिजिटल टॉवर सुरू केले, आणि ती दोन्ही शहरं आपल्यापासनं पाचशे किलोमीटरच्या आसपास. टॉवरचा सिग्नल जमिनीच्या गोलाईमुळं साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढं धड पोचत नाही, मग तुम्ही पान खिडकीला चिकटवा नाहीतर राजहंसगडावर नेऊन बांधा. आणि जुने अॅनालॉग टॉवर, ज्यांच्यासाठी घराघरावर तो काट्यांचा अॅल्युमिनियमचा अँटिना होता, ते प्रसार भारतीनं मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरवलं, देशाच्या दृष्टीनं मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून. आपण पण सीमाभागच, पण ह्या सीमेला कोण मोक्याची म्हणत नाही. तर माळ्यावरचा तो अँटिना भंगारात घाला, अॅल्युमिनियमला भाव बरा येतो.

मग हवेतनं फुकट चॅनल यायला एकच रस्ता उरला, डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये हे डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालं, अजून बरेच जण दुकानात जाऊन "डायरेक्ट प्लसचा बॉक्स द्या" असंच म्हणतात आणि दुकानदाराला कळतंय पण. सिग्नल टॉवरवरनं न येता सॅटेलाईटवरनं येतो, त्यामुळं टिळकवाडीतला बंगला असो की कणकुंबीच्या जंगलातलं घर, आकाशाचा ठराविक तुकडा मोकळा दिसला की झालं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. कोणी फोन करून "तुमचं फ्री डिश बंद पडणार, एवढे भरा" म्हणाला तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या.

आपल्या भागाला ह्याचा अजून एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. पैसेवाल्या डीटीएचला कर्नाटकचा पत्ता दिला की कन्नड पॅक गळ्यात पडतो आणि मराठीला वरनं पैसे, आणि कोल्हापूरच्या पाव्हण्याच्या पत्त्यावर घेतला की उलटं. फ्री डिश पत्ताच विचारत नाही. डीडी सह्याद्री आणि डीडी चंदना दोन्ही एकाच छत्रीतनं येतात. घरात आजीला मराठी बातम्या पाहिजेत, पोरं कन्नड शाळेत हायत, आणि हिडकल धरण किती भरलं, उद्या शाळेला सुट्टी जाहीर झाली काय हे कन्नड बातम्यांत आधी येतंय, त्यामुळं दोन्ही लागतातच की. सोबत डीडी नॅशनल, न्यूज, स्पोर्ट्स, किसान, भारती, आकाशवाणीचे रेडिओ चॅनल, आणि दोन-चार खाजगी मराठी चॅनल पण असतात, फक्त ते खाजगीवाले लिलावात जागा घेतात म्हणून वर्षावर्षाला बदलत राहतात. केबलवर गावातलं जे लोकल चॅनल बघता ते मात्र ह्यावर नाही, ते सॅटेलाईटवर जातच नाही.

काय काय आणायचं

६० सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीच्या पुढच्या दांड्यावर बसतो आणि सिग्नल धरतो तो ठोकळा), बॉक्स, केबल आणि केबलच्या टोकांना लावायच्या दोन-चार पिना, सगळं मिळून दीड-दोन हजारात बसतंय. बेळगावच्या बाजारात मिळतंय, निपाणी-संकेश्वरला टीव्ही रिपेरीच्या दुकानात पण मिळतंय. बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाला घ्या, जुना एमपेग-२ चा स्वस्तात कोण देत असेल तरी नको, त्यावर सगळी चॅनल दिसत नाहीत आणि मग "शेजाऱ्याकडं येतंय आमच्याकडं का येत नाही" सुरू होतं.

घरावर जुन्या डीटीएचची छत्री गंजत पडलेली असेल तर तीच वापरा, पत्र्याला कंपनी नसते. फक्त वाकलेली नको. एक दोरा छत्रीच्या काठावर उभा ताणून धरा, दुसरा त्याच्यावर आडवा, मधे दोन्ही एकमेकाला नुसते टेकले पाहिजेत, फट पडली किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं तर छत्री पिळली गेलीय, ती सोडा. एलएनबीवरचा स्टिकर वाचा, ९७५०/१०६०० असं लिहिलेलं असेल तर चालेल. तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकलेली असेल तर ऐंशी-शंभर रुपये वाचवायला जाऊ नका, नवीन घ्या, आत पाणी जातंय नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

जांबोटी, कणकुंबी, लोंढा, म्हणजे खानापूर तालुक्याचा घाटाकडचा भाग, तिथं मी ६० ची छत्री लावायला सांगणार नाही. ७५ किंवा ९० ची घ्या. हा सिग्नल केयू बँडचा, अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासचा, लाटेची लांबी पावणेतीन सेंटिमीटर, आणि एवढ्या बारीक लाटेला मोठा पाऊस खाऊन टाकतो. छत्री मोठी असली की सिग्नल जास्त गोळा होतो आणि पावसानं खाल्लं तरी थोडं उरतं. पण मोठ्या छत्रीचा नेम पण बारीक धरावा लागतो हे ध्यानात ठेवा. चिक्कोडी, अथणी, रायबागकडं पाऊस कमी, तिथं ६० भरपूर झाली.

नवीन टीव्ही असेल तर बॉक्स घ्यायच्या आधी मागं बघा. बऱ्याच टीव्हीत आता सॅटेलाईट ट्यूनर आतच असतो, भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये तशा टीव्हींसाठी स्टँडर्डच काढलंय. मागं दोन गोल भोकं असतील, एक गुळगुळीत बाहेरनं, नुसतं दाबून बसवायचं, ते अँटिनाचं. दुसरं आट्या असलेलं, त्यावर सॅटेलाईट किंवा एलएनबी असं लिहिलेलं असतंय, छत्रीची केबल तिथं फिरवून बसवायची. आट्यावालं भोक असेल तर बॉक्सचे पैसे वाचले, रिमोट पण एकच. नसेल तर बॉक्स घ्याच.

जागा कुठली धरायची

सॅटेलाईटचं नाव जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर थांबलेला. म्हणजे ग्रेट निकोबारच्या सरळ दक्षिणेला, समुद्रावर. आपण ७४.५ अंशावर, म्हणून आपल्याला तो आग्नेयेला दिसणार. बेळगावातनं मोबाईलच्या कंपासवर उत्तरेपासनं १२८ अंश, आणि क्षितिजापासनं वर ६१ अंश. निपाणी-खानापूरला पण हेच धरा, फरक अर्ध्या-एक अंशाचा. कारवारकडं १२६, आणि बिदर-भालकीच्या आपल्या लोकांनी १३७ अंश आणि उंची ६२ धरायची. कंपास बघताना लोखंडी पाईप, पत्रा, पाण्याच्या टाकीचा स्टँड यांच्यापासनं चार पावलं लांब उभं राहा, नाहीतर तो काय पण दाखवतो.

६१ अंश म्हणजे बऱ्यापैकी वर. ह्याचा फायदा असा की समोरचं घर, भिंत सहसा आड येत नाही. हिशोब सोपा आहे, अडथळा छत्रीपासनं जितके फूट लांब त्याच्या पावणेदोन पटीपर्यंत उंच असला तरी चालतो, उंची छत्रीच्या पातळीपासनं मोजायची. म्हणजे आग्नेयेला दहा फुटावर नारळ असेल आणि तो छत्रीच्या वर सतरा-अठरा फुटाच्या आत असेल तर सुटलात, पण नारळ वाढतो आणि झावळ्या हलतात तेवढं सोडून जागा धरा. आंब्याचं, फणसाचं झाड आड असेल तर उन्हाळ्यात कसंबसं येईल आणि पानं भिजली की गेलं. म्हणून गच्चीच्या अगदी टोकावर, सगळ्यात उंच टाकीवर चढवायची गरज नाही. उलट खाली, वारा कमी लागणाऱ्या, हात पोचणाऱ्या ठिकाणी लावा, कारण पुढं कधीतरी हात लावावाच लागतो, आणि जुलैमध्ये शेवाळलेल्या कौलावर कोण चढणार?

आकाशातली नेमकी जागा डोळ्यांनी बघायची असेल तर सूर्य दाखवतो. मार्चच्या मध्याला, आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर ह्या सॅटेलाईटच्या पाठीमागं येतो. त्या दिवसांत अकराला जिथं ऊन पडतंय तिथं छत्री लावली तर सिग्नल पण पडणार, सावली असेल तर नाही. ह्याचा दुसरा भाग म्हणजे त्याच दिवसांत अकराच्या सुमाराला काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं, सूर्याचा गोंगाट सरळ एलएनबीत शिरतो म्हणून. छत्री फिरवू नका, पाच-दहा मिनिटांत आपोआप येतं.

बसवणं

पाईप उभा म्हणजे उभाच पाहिजे. गवंड्याचा ओळंबा आणा, दोन बाजूंनी लावून बघा. पाईप कलता असेल तर तुम्ही छत्री डावी-उजवी फिरवताना ती खाली-वर पण होत जाते आणि मग दिवसभर सिग्नल सापडत नाही, बाकी सगळं बरोबर असून सुद्धा. बहुतेक वेळा "सिग्नलच नाही ह्या गल्लीत" म्हणणाऱ्याचा पाईप वाकडा असतो.

स्लॅब असेल तर भोकं पाडायच्या आधी विचार करा. आपल्याकडचा पाऊस स्लॅबच्या एका फास्टनरमधनं खालच्या खोलीत ओल आणतो. त्यापेक्षा रंगाचा वीस लिटरचा जुना डबा घ्या, मधे पाईप उभा धरून काँक्रीट भरा, ओळंबा लावून दोन दिवस वाळू द्या, आणि ते धूड गच्चीच्या कठड्याला तारेनं दोन बाजूंनी बांधा. ६० च्या छत्रीला पुरतंय, मोठ्या छत्रीला नाही.

खानापूरकडं, बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत चिऱ्याच्या भिंती. चिरा मऊ, त्यात साधा फास्टनर आवळत गेलात की भुगा निघतो आणि वर्षभरात वाऱ्यानं भोक मोठं होतं. तिथं भिंतीत आरपार लांब बोल्ट घालून आतनं पत्र्याची पट्टी लावा, नाहीतर भोक मोठं पाडून सिमेंटात बसवा. कौलावर थेट छत्री कधीच नको, पत्र्याच्या शेडवर पण नको, वाऱ्यात पत्रा थरथरतो आणि छत्रीचा नेम हलतो.

केबल आरजी-६ घ्या. छत्री टीव्हीच्या जवळ ठेवा, पंचवीस-तीस मीटरच्या आत राहिलं तर काही बघावं लागत नाही. पिन लावणं नीट करा कारण निम्मी दुखणी तिथं असतात. वरचं काळं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, आतल्या बारीक तारांची जाळी मागं उलटवा, अॅल्युमिनियमचा कागद तसाच राहू द्या, मग पांढरा भाग टोकाकडनं सात-आठ मिलिमीटर काढून मधली तार उघडी करा. त्या मधल्या तारेला ब्लेडची खाच पडू देऊ नका, खाच पडली की पुढं वाकवताना तिथंच तुटते. आता पिन जाळीवरनं फिरवत आत चढवा, पिनेच्या तळाशी पांढरा भाग लेव्हलला आला पाहिजे आणि मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. जाळीची एक सुद्धा केसाएवढी तार मधल्या तारेला टेकली तर शॉर्ट, बॉक्सनं एलएनबीला सोडलेले १३ व्होल्ट तिथंच संपतात. हे उजेडात बघा, म्हाताऱ्या माणसांनी नातवाला दाखवा. आणि पिना लावताना-काढताना बॉक्सचा प्लग काढलेला पाहिजे, रिमोटनं बंद करून चालत नाही.

एलएनबीजवळ केबल सरळ वरनं खाली आणून पिनेत घालू नका, आधी खाली एक वळसा सोडून मग वर पिनेत न्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळातनं ठिबकतं, पिनेत जात नाही. वरनं रबराची टोपी नाहीतर घट्ट काळी टेप. घरात केबल शिरते तिथं पण तसाच वळसा ठेवा.

बॉक्समध्ये काय भरायचं

छत्री हलवायच्या आधी बॉक्स तयार करून ठेवा. मेनूत इन्स्टॉलेशन किंवा डिश सेटिंग उघडा, पासवर्ड मागितला तर बहुतेक ००००. सॅटेलाईटमध्ये जीसॅट-१५ नाहीतर ९३.५ पूर्व निवडा, जुन्या बॉक्समध्ये इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट असं नाव असेल, ते पण चालेल, जागा तीच. एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००. डायसेक बंद. २२ किलोहर्ट्झ ऑटो नाहीतर बंद. ट्रान्सपाँडर (सॅटेलाईटवरनं चॅनलांचा एकेक गठ्ठा सोडणारी पट्टी) ११०९०, पोलरायझेशन (लाट उभी की आडवी) व्हर्टिकल म्हणजे उभं, सिम्बॉल रेट २९५००. हे भरलं की खाली दोन पट्ट्या दिसतील, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी.

इथं एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. स्ट्रेंग्थची पट्टी बघायचीच नाही. एलएनबीला करंट मिळाला की ती पट्टी साठ-सत्तर दाखवते, छत्री आकाशाकडं असो की म्हशीच्या गोठ्याकडं. तिचा उपयोग एवढाच, ती शून्य असेल तर केबल किंवा पिन गेलेली आहे. सॅटेलाईट सापडला हे फक्त क्वालिटी सांगते.

आता नेम

छत्री दिसते तिकडं बघत नसते, हे आधी समजून घ्या. आपल्या ह्या छत्र्या ऑफसेट, एलएनबी खालनं पुढं आलेला, सिग्नल वरनं तिरका येऊन पत्र्यावर आपटून खाली एलएनबीत जातो. त्यामुळं सॅटेलाईट ६१ अंशावर असला तरी छत्रीचा पत्रा तेवढा उताणा नसतो, उभ्यापासनं साधारण सदतीस-अडतीस अंशच मागं कललेला असतो, बनावटीप्रमाणं थोडं इकडंतिकडं. मागच्या क्लॅम्पवर आकडे कोरलेले असतील तर ६१ वर लावा, बहुतेक छत्र्यांत तो फरक आकड्यांतच धरलेला असतो. आकडे नसतील तर मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप उघडून एक सरळ पट्टी छत्रीच्या वरच्या आणि खालच्या काठाला टेकवा आणि तिच्यावर मोबाईल धरून कोन बघा. ज्यांनी गच्चीवर छत्री ताटासारखी आकाशाकडं उताणी करून ठेवलीय त्यांना सिग्नल मिळाला नाही यात नवल नाही.

एलएनबी पण सरळ उभा नसतो. आपण आणि सॅटेलाईट यांच्यात १९ अंशाचा फरक, त्यामुळं त्याला दांड्यातच बराच फिरवावा लागतो, जवळपास अर्ध्या काटकोनाएवढा. छत्रीच्या मागं उभं राहून आग्नेयेला तोंड केलं तर एलएनबीचा वरचा भाग डाव्या हाताला कललेला पाहिजे. उलट बाजूला कलला तर व्हर्टिकलचा आडवा होऊन बसतो आणि क्वालिटी शून्य, बाकी सगळं बिनचूक असलं तरी.

आता एक माणूस टीव्हीपुढं, एक वर, मोबाईल स्पीकरवर. आधी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरनं ओरडायचं, "मामी, आलं काय?" आणि खालनं "आलतं की, गेलं परत!" अजून पण तेच चालतंय, फक्त मोबाईलमधनं. मामीला आधीच सांगून ठेवा की स्ट्रेंग्थ वाचायची नाही, क्वालिटीचा आकडा तेवढा वाचत राहायचा, मधे भाजीचं बघायला गेलात तर सांगून जायचं.

उंची ६१ ला लावून बोल्ट निम्मे आवळा. छत्री १२८ च्या थोडी दक्षिणेला, म्हणजे ११५ नव्हे, १४५ वर धरा आणि तिथनं पूर्वेकडं बोटाबोटानं सरकवा. प्रत्येक सरकवण्यानंतर तीन-चार सेकंद थांबायचं, बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतो. घाईत फिरवलं की त्याच्यावरनं पुढं निघून जाता आणि कळत पण नाही. ११० पर्यंत येऊन काहीच मिळालं नाही तर उंची दोन अंश वाढवा आणि उलट दिशेनं परत या, मग दोन अंश कमी करून. ६० च्या छत्रीला काठावर पाच मिलिमीटर म्हणजे एक अंश, दोन अंश म्हणजे एक सेंटिमीटर. इतकंच. लोक एका वेळेला चार बोटं हलवतात आणि मग म्हणतात सापडत नाही.

सॅटेलाईट इतका वर असल्यामुळं डावी-उजवीकडं थोडी चूक झाली तरी चालून जाते. पाईपवर दोन अंश फिरवलं तर आकाशात नेम एकच अंश सरकतो. खाली-वरला मात्र तशी सूट नाही, तिथला एक अंश म्हणजे पुरता एक अंश. म्हणून वेळ कुठं घालवायचा तर उंचीत.

क्वालिटी हलली, समजा वीस-तीस आली, की थांबा. श्वास घ्या. आता डावीकडं सरकवत न्या, क्वालिटी पडते तिथं पाईपवर खडूनं खूण, मग उजवीकडं पडते तिथं दुसरी खूण, आणि छत्री दोन्हीच्या मधोमध. उंचीला पण हेच करायचं, वर पडते कुठं, खाली पडते कुठं, मधे ठेवायचं. मग एलएनबी दांड्यात हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून जिथं आकडा सगळ्यात जास्त तिथं घट्ट करा. बोल्ट आवळताना एकच बाजू पूर्ण आवळू नका, एकदा हा एकदा तो असं थोडं थोडं, मामीला आकडा वाचत ठेवून, कारण आवळताना छत्री सरकते आणि सगळी मेहनत पाण्यात.

क्वालिटी चांगली येते पण स्कॅन केल्यावर सह्याद्रीचा पत्ता नाही, भलतीच चॅनल किंवा कुलूपवालीच येतात, असं झालं तर तुम्ही शेजारचा सॅटेलाईट पकडलाय. ८८, ९१.५, ९५ अंशावर पण सॅटेलाईट आहेत, डीटीएच कंपन्यांचे. मिळाला तो पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा हे कंपासवरनं अंदाजानं बघा आणि एक-दोन बोटं सरकवा.

मग स्कॅन. नेटवर्क सर्च चालू, फक्त फ्री चॅनल असा पर्याय निवडा, ११०९० वरनं बॉक्स बाकीचे ट्रान्सपाँडर स्वतःच शोधतो. शोधत नसेल तर ऑटो स्कॅन लावून चहा करून या. आलेल्या गठ्ठ्यातनं सह्याद्री, चंदना, न्यूज, स्पोर्ट्स फेव्हरेटला टाका, नाहीतर आजीला दंगल आणि भजनाच्या चॅनलमधनं वाट काढत जावं लागतंय. जुना डबा टीव्ही असेल तर लाल-पांढरी-पिवळी वायर लावा, नवीन असेल तर एचडीएमआय. दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर दोन तोंडाचा एलएनबी घ्या आणि दोन केबली टाका, स्प्लिटरच्या भानगडीत पडू नका.

पाऊस, वीज आणि वांदरं

जोराचा पाऊस लागला की चित्र जाणारच, दहा-पंधरा मिनिटांनी येतं. त्यावेळी वर जाऊन छत्री हलवणारा माणूस पाऊस थांबल्यावर रडतो. पावसाळ्याच्या आधी, कोरड्या दिवशी, क्वालिटी जेवढी चढेल तेवढी चढवून ठेवा, पावसात तेवढीच शिल्लक कामाला येते. साध्या रिमझिमीत पण जात असेल तर मग नेम चुकलाय किंवा पिनेत पाणी शिरलंय. पिन उघडून बघा, मधली तार हिरवट-काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवी पिन.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे, विजा कडाडायला लागल्या की बॉक्सचा प्लग काढायचा आणि मागनं छत्रीची केबल पण काढायची. नुसता स्विच बंद करून काही होत नाही. पाईपला जाड तार लावून अर्थिंगला जोडून घेतलंत तर बरं, आणि हे काम वायरमनकडनंच करून घ्या.

खानापूरकडं वांदरांचं काय करायचं ह्याला पक्कं उत्तर नाही. ती दांड्यावर बसतात, एलएनबी फिरवतात, केबल ओढतात. एलएनबीचा क्लॅम्प घट्ट, केबल पाईपला दर फुटाला बांधलेली, लोंबती कुठंच नको, एवढं केलं की निम्मा त्रास कमी होतो. आणि पाईपवर छत्रीच्या क्लॅम्पखाली पक्क्या रंगानं खूण करून ठेवा, उंचीच्या आकड्यापाशी पण एक, एलएनबीवर पण एक. वांदरानं हलवलं तरी खुणेला खूण जुळवली की दोन मिनिटांत चालू, मामीला हाक मारायची सुद्धा गरज नाही.

एप्रिल लागला की एकदा परत स्कॅन मारा. लिलावातल्या जागा तेव्हा बदलतात, एखादं मराठी चॅनल जातं, एखादं नवीन येतं, आणि जुन्या नंबरवर नुसती काळी पाटी राहते. स्कॅन करायच्या आधी फेव्हरेटची यादी कागदावर लिहून घ्या, काही बॉक्स ती पुसून टाकतात आणि मग "सह्याद्री कुठं गेलं रे?" म्हणून रात्री घरनं फोन येतो.